मद्रास–पेनांगच्या पाकिटासाठी दिल्ली

दिल्लीहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलंत. लाल किल्ला पाहिला नाही. कुतुबमिनार मेट्रोच्या खिडकीतून दिसला, तोही शेजारच्या बाईने "वो देखिए" म्हटलं म्हणून. चांदणी चौकात गेले नाही, साडी आणली नाही. खरं उत्तर द्यायचं तर, दिल्लीतला बराचसा वेळ मी एका मुलीवर जळण्यात घालवला. त्या जळण्यासाठी मी थंडीत एवढा प्रवास केला, जाड स्वेटर विकत घेतला आणि गुडघ्याला पट्टा बांधून मेट्रोचे जिने चढले. आता घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडून बसले आहे, तेव्हा काय झालं ते सरळ सांगून टाकते.

मी नागपूरची. टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले आणि टेलिफोन खात्यातूनच निवृत्त झाले. नोकरीत असतानाच पोस्टाच्या तिकिटांचा नाद लागला. सगळ्या तिकिटांचा नाही. पक्षी, फुलं, गांधीजी जमवणारे पुष्कळ आहेत. मी जमवते ती समुद्राखालून टाकलेल्या टेलिफोन केबलींची तिकिटं. एका देशातून दुसऱ्या देशापर्यंत समुद्राच्या तळाशी केबल टाकून झाली आणि तिच्यावरून बोलणं सुरू झालं, की तिथली टपाल खाती त्या निमित्ताने तिकीट काढत. ब्रिटनने काढलं, ऑस्ट्रेलियाने काढलं, जपानने काढलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मद्रास ते पेनांग केबल झाली तेव्हा आपणही काढलं. आमच्या घरात या नादाचं कौतुक बेताचंच आहे. आमचे हे म्हणतात, "लोक समुद्रावर फिरायला जातात, ही समुद्राच्या खाली जाते."

या विषयातले माझे गुरू म्हणजे कर्नल शिर्के. मूळचे सातारा जिल्ह्यातले, सैन्याच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले, आता गुरुग्रामला मुलाच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. मुलगा कॅनडात असतो. तिकीट जमवणाऱ्यांच्या एका पत्रिकेत त्यांचा लेख वाचून मी फोन केला होता, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. तेव्हापासून दर गुरुवारी आमचं बोलणं होतं. प्रत्यक्ष भेट मात्र कधी झाली नव्हती. त्यांच्याकडे एक पाकीट आहे. मद्रास–पेनांग केबलचं उद्घाटन झालं त्या दिवसाचं. त्यावर आपलं तिकीट, मद्रासचा पहिल्या दिवसाचा शिक्का, आणि केबल टाकणाऱ्या जहाजावरच्या माणसांच्या सह्या. कर्नलसाहेब तेव्हा मद्रासला होते आणि त्यांनी स्वतः त्या सह्या घेतल्या होत्या. तसं दुसरं पाकीट मी कुठे पाहिलेलं नाही, ऐकलेलंही नाही.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी ते म्हणाले, "वसुधाबाई, डोळ्यांनी दगा दिला. मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. अल्बम आता हातावेगळा करायचाय. एकदा येऊन जा."

मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं. गाडीचं तिकीट काढलं, आणि बॅगेत पाकीट ठेवायला चांगल्या जाडीची प्लॅस्टिकची कोरी आवरणं भरली.

कोपर्निकस मार्ग

भाच्याच्या ओळखीने आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात खोली मिळाली. इमारत जुनी, भिंती जाड, खोलीत अंघोळीच्या बादलीपासून टेबलावरच्या काचेपर्यंत सगळं सरकारी. पण जेवणघरात शिरले आणि मराठी कानावर पडलं तेव्हा बरं वाटलं. "ताई, पोहे घेणार की उपमा?" एवढंच मराठी, पण दिल्लीतल्या थंडीत तेवढंही उबदार लागतं. पोहे घेतले. त्यावर शेव होती, डाळिंबाचे दाणे होते, तर्री नव्हती. नागपूरच्या माणसाला तर्रीशिवाय पोहे म्हणजे आजाऱ्याचं जेवण. वाढणाऱ्याला तसं सांगितलं तर तो म्हणाला, "अच्छा, नागपूरच्या का? नागपूरचे सगळे हेच म्हणतात."

बाहेर धुकं होतं, की धूर होता, ते कळायला मार्ग नव्हता. सूर्य दुधात पडलेल्या बत्ताशासारखा दिसत होता. रस्त्याकडेला एक माणूस कोळशाच्या निखाऱ्यावर रताळी भाजत होता. सोलून, फोडी करून, लिंबू पिळून, मसाला भुरभुरून पानावर दिली. आपल्याकडे रताळं उपासाला. इथे ते चटपटीत होऊन रस्त्यावर उभं असतं. मी दोनदा घेतलं. त्या सकाळी माझ्या मनात कुणाविषयी काही वाकडं नव्हतं हे मुद्दाम नमूद करते, कारण नंतर ते राहिलं नाही.

गुरुग्राम

मंडी हाउसहून मेट्रो धरली, राजीव चौकात बदलली. बायकांचा डबा वेगळा असतो हे ठाऊक होतं, तरी गर्दीबरोबर वाहत जाऊन पुरुषांत उभी राहिले. एका मुलाने उठून जागा दिली. मेट्रो जमिनीखालून वर आली आणि मग काचेच्या उंच इमारती सुरू झाल्या. त्यांच्या पायाशी माती, सिमेंटची पोती, मधेच म्हशी. नागपुरात इमारत बांधली की तिच्यापुढे फाटक करतात. इथे आधी फाटक बांधून मग आत गाव वसवल्यासारखं दिसत होतं.

कर्नलसाहेबांच्या सोसायटीच्या फाटकाशी मी अडकले. रखवालदाराने माझं नाव फोनवर टाकलं आणि म्हणाला, "मैडम, अप्रूवल नहीं आया." मी म्हटलं, साहेबांना फोन करा. ते अप्रूवल साहेबांच्या मुलाच्या फोनवर जात होतं आणि मुलगा कॅनडात झोपलेला होता. मी साहेबांना फोन लावला, तो वाजत राहिला. शाल घट्ट करून मी एका कुंडीच्या कठड्यावर बसले. तेवढ्यात एक लहानशी पांढरी गाडी आली. आतल्या मुलीने काच खाली केली, रखवालदार हसला, सलाम केला आणि फाटक उघडलं. तिला कुणी काही विचारलं नाही. मी तेव्हाच तिच्याकडे रागाने पाहिलं, ती कोण हे माहीत नसताना.

गाडी थोडी पुढे जाऊन थांबली. मुलगी उतरून माझ्याकडे आली.

"तुम्ही नागपूरच्या वसुधामावशी का? काकांनी मला सांगितलं होतं तुम्ही येणार. सॉरी, काका टीव्ही मोठा लावतात ना, मग त्यांना फोन ऐकू येत नाही. चला, बसा."

तिचं नाव यशोधरा. पंचविशी उलटलेली असेल. आईवडील यवतमाळकडचे, वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे जन्म आणि सगळं शिक्षण दिल्लीकडचं. राहायला फरीदाबादला, नोकरी गुरुग्रामला. लिफ्टमध्ये मी विचारलं, "तुझी साहेबांशी ओळख कशी?"

"तिकिटांमुळेच. गेल्या वर्षीपासून मी संडेला येते त्यांच्याकडे. दर संडे, बिल्कुल पक्कं."

माझे गुरुवार होते, हिचे रविवार. माझे फोनवर, हिचे समोर बसून. लिफ्ट थांबेपर्यंत मी मजल्यांचे बदलणारे आकडे बघत राहिले.

दार साहेबांनीच उघडलं. फोनवरच्या भारदस्त आवाजावरून मी उंच, रुंद माणूस मनात धरला होता. समोर उभे होते ते बारीक, ताठ, पांढऱ्या मिशांचे, मान किंचित तिरकी करून माझ्याकडे बघणारे. समोरचं दिसत नाही म्हणून ते कडेने बघत होते.

"या वसुधाबाई, या. प्रवास ठीक झाला?" मग माझ्या खांद्यावरून मागे, "ये गं पोरी, उशीर केलास आज."

मला तुम्ही, तिला तू. एवढ्या वर्षांत मी त्या तुम्हीला मान समजत होते. त्या दारात तो मला लांबचा पाहुणा असल्यासारखा वाटला.

रविवारी काय चालतं ते मग कळलं. साहेबांना तिकिटं दिसत नाहीत, म्हणून यशोधरा अल्बम मांडीवर घेऊन एकेक तिकीट त्यांना सांगते. ते आरामखुर्चीत टेकून ऐकतात. त्या दिवशी ते म्हणाले, "आज वसुधाबाई सांगतील. जाणकार आहेत त्या."

मला हेच हवं होतं. मी चष्मा लावला, भिंग काढलं आणि ब्रिटनचं तिकीट घेतलं. पृथ्वीचा गोल आणि त्याच्याभोवती केबलचा वेढा असं ते तिकीट आहे. मी नीट सुरुवात केली. किंमत कोणती, रंग कोणते, छपाई कुठल्या पद्धतीची, कागदातला जलचिन्हाचा प्रकार कोणता, कडेच्या दात्यांचं माप किती, मागचा डिंक शाबूत आहे की नाही. साहेब "बरोबर, बरोबर" म्हणत होते. मी दुसऱ्या तिकिटावर गेले, तिसऱ्यावर गेले. "बरोबर" मधलं अंतर वाढलं. मान वर करून पाहिलं तर त्यांचे डोळे मिटले होते आणि हनुवटी छातीवर टेकली होती.

मी थांबले. यशोधराने अल्बम हळूच माझ्या बाजूने कलता करून पाहिला आणि म्हणाली, "काका, या गोलाभोवती केबल अशी टाइट गुंडाळलेली दाखवलीय. खरं तर असं नसतं."

साहेबांचे डोळे उघडले. "मग कसं असतं?"

"जहाजातून सोडताना ती थोडी ढीली सोडावी लागते. खालची जमीन सपाट नसते ना. खाली पहाड आहेत, दऱ्या आहेत. टाइट सोडली तर ती दोन पहाडांच्या मधे लटकेल, मग घासून घासून तुटेल."

"सैल म्हण. ढीली नाही."

"हां, सैल. आणि जहाजाच्या पोटात एवढ्या मोठ्या गोल टाक्या असतात. त्यात केबल अशी गोल गोल करून ठेवतात."

"वेटोळी."

"वेटोळी. ती मशिनने नाही लावत काका. माणसं आत उतरतात आणि केबल हातात धरून गोल गोल चालत राहतात. दिवसच्या दिवस. मी आत उतरले होते. चालून चालून चक्कर येते, मग उलट्या बाजूने थोडं चालायचं."

साहेब हसले. खुर्चीत सरळ बसले. "जहाजावर खायला काय देतात?" त्यांनी विचारलं. मग तिने भात, मासे, रशियन स्वयंपाकी आणि लाटांमुळे घसरणाऱ्या ताटल्यांबद्दल सांगितलं. मी भिंग मिटून पर्समध्ये ठेवलं.

तेव्हा मला समजलं की ही मुलगी समुद्राखालच्या केबली टाकणाऱ्या कंपनीतच काम करते. गुरुग्राममधल्या एका काचेच्या इमारतीत बसून केबलीचे मार्ग आखते आणि कधी कधी जहाजावरही जाते. मी आयुष्यभर ज्या गोष्टीची चित्रं जमवली, ती हिने हातात धरलेली होती. आणि हिला दात्यांना दाते म्हणतात हेसुद्धा ठाऊक नव्हतं. "ती कटिंगवाली कडा" असं ती म्हणत होती.

चहा झाल्यावर साहेब म्हणाले, "वसुधाबाई, तुमच्यासमोरच सांगायचं म्हणून बोलावलं. अल्बम मी यशोला देतोय. तुमच्याकडे यातलं बहुतेक सगळं आहेच. तिला जरा तिकिटांची शिस्त लावून द्या. ते तुमच्याइतकं कुणाला येत नाही."

पाकीट माझ्याकडे नाही, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही. म्हटलं, "छान केलंत." लाइन मिळत नाही हे ग्राहकाला ज्या गोड आवाजात सांगायला आम्हाला शिकवलं होतं, त्याच आवाजात म्हटलं.

यशोधरा उठून साहेबांच्या पाया पडली. मी खिडकीतून बाहेर बघत होते. खाली पोहण्याचा तलाव होता, हिवाळ्यात रिकामा, तळाला निळ्या फरशा.

इंडिया गेटच्या हिरवळीवर

दुसऱ्या दिवशी मी एकटीच भटकले. दिल्लीतलं ऊन दुपारी छान पडतं, लोक ऑफिसमधून निघून हिरवळीवर येऊन संत्री सोलतात. संत्री आमच्या गावची, पण इथे त्यांची चव जास्त घेतली जाते असं वाटलं. आम्हाला ती सवयीची झाली आहेत. मी एका बाकावर बसून हिशेब मांडत होते, की मी कुठे कमी पडले. तिकिटांची ओळख मला जास्त. नातं माझं जुनं. साहेबांचं दुखणंखुपणं फोनवर मी विचारायचे. त्यांच्या पत्नी गेल्या तेव्हा रोज फोन केला तो मी. आणि ही कोण, गेल्या वर्षी उगवलेली. तरुण आहे, गाडी आहे, जवळ राहते. जवळ राहण्याला एवढी किंमत असेल तर मी नागपुरात जन्मले यात माझी काय चूक.

मी एवढं सगळं मनातल्या मनात भांडत होते आणि शेजारी एक बाई आपल्या नवऱ्याचे फोटो काढत होती. तिने फोन माझ्या हातात दिला, "आंटी, हम दोनों का एक." मी काढला. दोघं हसत होते. मला त्यांचाही राग आला.

संध्याकाळी यशोधराचा फोन आला. "मावशी, उद्या मी घरून काम करतेय. आईने तुम्हाला जेवायला बोलावलंय. पातोडी करतेय ती. याल ना? काकांचा अल्बम पण मी घरी आणलाय, तुम्ही म्हणाल तसा लावीन."

पातोडी ऐकून मी हो म्हटलं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ती अल्बम कसा ठेवते ते मला बघायचं होतं. चुकीचा ठेवत असावी अशी माझी इच्छा होती.

फरीदाबाद

मंडी हाउसहूनच जांभळी मेट्रो सरळ फरीदाबादला जाते. डब्यात गुरुग्रामच्या मेट्रोसारखे लॅपटॉप नव्हते. जेवणाचे डबे होते, कामगारांच्या निळ्या वर्द्या होत्या, भोजपुरी, बंगाली, मल्याळी सगळं मिसळून ऐकू येत होतं. कारखान्यांच्या चिमण्या आणि त्यांच्यामध्ये मोहरीची पिवळी शेतं अजून शिल्लक होती.

यशोधराच्या आई, शीलाताई, खाली उतरून न्यायला आल्या. घर आटोपशीर. बैठकीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, पुस्तकांचं कपाट, आणि दारातून येणारा फोडणीचा वास. तो वास आला आणि मी दिल्लीत पहिल्यांदा घरी आले. बेसनाच्या पातोड्या तिखट रश्श्यात, ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. जवस कुठून आणलं विचारलं तर शीलाताई म्हणाल्या, "दरवर्षी गावाकडून येतं. इथलं जवस मला पटत नाही. ही मात्र इथलीच, हिला राजमा द्या, काही तक्रार नाही." यशोधरा हसत होती. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मत्सराने भूक मरते म्हणतात ते माझ्या बाबतीत खरं नाही.

जेवणानंतर तिने अल्बम आणला. साहेबांचा अल्बम जसाच्या तसा होता. त्याच्याबरोबर तिचा स्वतःचाही एक होता, तिने इकडून तिकडून घेतलेल्या तिकिटांचा. तो उघडला आणि माझा जीव दडपला. प्रत्येक तिकीट पारदर्शक चिकटपट्टीने चिकटवलेलं होतं. पट्टी पिवळी पडली होती आणि खालच्या कागदालाही डाग पडत होता.

"हे काय केलंस?"

"का? पडू नये म्हणून."

"ही तिकिटं मेली," मी म्हटलं. "आता यांना कुणी हात लावणार नाही. हा डाग जात नाही. पट्टी काढायला गेलीस तर तिकीट फाटेल."

मी ते जितक्या हळू सांगू शकले असते तितक्या हळू सांगितलं नाही. शीलाताई ताटं उचलताना थांबल्या. यशोधराचा चेहरा उतरला. तिने अल्बम मिटला आणि त्याच्यावर हात ठेवून बसली. मला त्या क्षणी बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं लगेच आवडेनासं झालं.

"मला कुणी सांगितलंच नाही मावशी," ती म्हणाली. "काकांना दिसत नाही ना. मी त्यांना माझी तिकिटं फक्त सांगते. त्यांना वाटतं मी नीट लावलीत."

मी बॅगेतली आवरणं काढली. नागपूरहून दुसऱ्याच कामासाठी आणलेली. तिला दाखवलं, तिकिटाला चिमट्याने कसं धरायचं, आवरणात कसं सरकवायचं, दाते दुमडू नयेत म्हणून काय बघायचं. तिचा हात चांगला होता. दोनदा सांगावं लागलं नाही. याचाही मला थोडा त्रास झाला.

मग ती आत गेली आणि एक तुकडा घेऊन आली. "हे तुम्हाला दाखवायचं होतं."

काळा, गुळगुळीत, अंगठ्यापेक्षा थोडा जाड, टोकाशी कापलेला. कापात आधी काळं आवरण, मग तांब्याची नळी, मग पोलादी तारा, आणि मध्ये केसासारखे काचेचे धागे. जपानच्या एका तिकिटावर जुन्या केबलीचा असाच काप आहे. तो मी भिंगाखाली किती वेळा पाहिला असेल. ही नवी केबल, तरी नातं कळत होतं.

"ही एवढीच?" मी विचारलं. माझ्या मनातली समुद्राखालची केबल मांडीएवढी जाड होती.

"ही खोल समुद्रातली. किनाऱ्याजवळ जाड असते, वरून लोखंडी तारांचं कवच असतं, कारण तिथे नांगर लागतात. खोलात कुणीच येत नाही, मग तिथे बारीक चालते."

मी तो तुकडा हातात घेतला. थंड होता आणि वाटला त्यापेक्षा जड. खाली ठेववेना. मला तो हवा होता, अल्बम हवा होता, हिचं जहाज हवं होतं, त्या गोल टाकीत येणारी चक्करही हवी होती. आमच्या वेळी मुलीला जहाजावर कोण पाठवत होतं. एक्स्चेंजच्या खुर्चीवर बसवलं यातच घरचे धन्य झाले होते. मी तुकडा तिला परत दिला आणि पाणी मागितलं.

पुन्हा गुरुग्राम

निघायच्या आदल्या दिवशी साहेबांचा निरोप घ्यायला गेले. यशोधराही ऑफिसमधून आली, अल्बम घेऊन. माझ्या आवरणांत तिने साहेबांची पहिली काही पानं नीट बसवली होती. ती साहेबांच्या बोटांना आवरणाच्या कडा लावून दाखवत होती. "वसुधामावशींनी शिकवलं," ती म्हणाली. चिकटपट्टीचं तिने त्यांना सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही.

शेवटी साहेबांनी स्वतःजवळच ठेवलेलं ते पाकीट निघालं. मी ते पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहत होते. किंचित पिवळं, शिक्का स्वच्छ, सह्या निळ्या शाईतल्या, एक सही हिरवी. साहेब म्हणाले, "सांग पोरी."

तिने तिकीट सांगितलं, शिक्का सांगितला, सह्या वाचायचा प्रयत्न केला. मग थांबून म्हणाली, "काका, यातून आवाज कसा यायचा हो? मतलब, ऐकायला कसं वाटायचं?"

"मला काय ठाऊक," साहेब म्हणाले. "मी उद्घाटनाला उभा होतो, कडक गणवेशात. भाषणं ऐकली. केबलवरून माझं कुणाशी बोलणं झालं नाही."

तेव्हा मी म्हटलं, "मी ऐकलाय."

हे मी आजवर त्यांना कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं, ती नोकरी होती. त्याआधी परदेशचे कॉल रेडिओवरून चालायचे. आवाज वर यायचा, बुडायचा, मधेच शीळ घुमायची. दिवसभर आम्ही ग्राहकांना एकच सांगत असू, मोठ्याने बोला. केबल सुरू झाली त्या आठवड्यात आमच्याकडच्या महाल भागातल्या एका म्हातारबाईंचा पेनांगचा कॉल आला. त्यांची मुलगी तिकडे बाळंत झाली होती. नागपूरहून मद्रास, मद्रासहून केबल. लाइन लागली का हे बघायला मी कानाला लावून होते. म्हातारबाई नेहमीच्या सवयीने ओरडल्या, "शालू, ऐकू येतं का गं?"

"आणि मग?" यशोधराने विचारलं.

"मग पलीकडून शांत आवाज आला, हो आई, अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा. बाई घाबरल्या. परत ओरडल्या. मी मध्ये बोलले. म्हटलं, आजी, ओरडू नका, हळू बोला, ऐकू येतंय. आख्ख्या नोकरीत ग्राहकाला हळू बोला म्हणण्याची ती माझी पहिली वेळ. त्या गप्प झाल्या. पलीकडे मुलगी गप्प. आणि त्या गप्पपणात एक बारीक आवाज आला. हिक्, असा. मला कळेना, मी बिघाड समजून प्लग हलवणार होते. तेवढ्यात म्हातारबाई म्हणाल्या, 'उचकी लागलीय ना गं त्याला? अंगावर घे आधी, मग बोल.'"

साहेबांची मान माझ्याकडे वळलेली होती, तिरकी. "वसुधाबाई, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत. आपण दाते मोजत होतो."

त्यांनी हात पुढे करून पाकीट मागितलं आणि ते नुसतं हातात धरून बसले.

यशोधरा माझ्याकडे बघत होती. ती नजर मी ओळखली. त्या दिवसांत आरशात मी तीच बघत होते. "तुमचं नशीब मावशी," ती म्हणाली, आणि त्यात कौतुक कमी होतं. "मी तीन केबलींवर काम केलंय. सगळं त्यातून जातं, पण ऐकू काहीच येत नाही. स्क्रीनवर हिरवी रेघ दिसते, झालं. परत सांगा ना. ती उचकीची गोष्ट."

मी परत सांगितली. थोडी सावकाश. मला घाई नव्हती.

निघताना लिफ्टपाशी तिने मला थांबवलं. साहेबांना विचारूनच आली होती. पाकीट तिने कोऱ्या आवरणात घातलं होतं, नीट, शिकवलं होतं तसं. "मावशी, हे तुम्ही घ्या. हे तुमचंच आहे. काका पण हो म्हणाले."

मी नको नको म्हणेन अशी तिची अपेक्षा असावी. हात पुढे करूनही तिने पाकीट पूर्ण सोडलं नव्हतं. मी पाकीट घेतलं आणि पर्समध्ये ठेवून चेन लावली. चेन लावताना तिची नजर माझ्या बोटांवर होती. लिफ्टचं दार मिटेपर्यंत ती हसत उभी राहिली, पण ते हसू तिला जड जात होतं हे मला दिसलं. उरलेला सगळा अल्बम तिच्याकडे आहे. ते मला आजही आवडलेलं नाही.

नागपूरला उतरले, रिक्षात बसले, तोच तिचा फोन आला.

"मावशी, पोचलात? प्रवास ठीक झाला ना?" आणि मग अजिबात न राहवून, "ते पाकीट दुमडलं वगैरे नाही ना कुठे?"

"आम्ही दोघंही ठीक आहोत," मी म्हटलं.